धुतलेला कोपरा

भंडाऱ्यात सुगतला ओळखणारे लोक पुष्कळ, पण चित्रकार म्हणून त्याला कुणी ओळखत नाही. तो फ्लेक्सवाला. वाढदिवस, सत्कार, तेरवी, निवडणूक, माणसाच्या जन्मात जे जे खांबाला टांगण्यासारखं घडतं ते सगळं आधी सुगतच्या संगणकावरून जातं. सकाळी कारध्याहून गाडीवर वैनगंगेचा पूल ओलांडायचा, दुकानाचं शटर उचलायचं आणि दिवसभर लोकांची मुंडकी कापत बसायचं. कापायचं म्हणजे फोटोतला चेहरा मागच्या भिंतीपासून वेगळा करायचा, गालावरचे डाग घालवायचे, केस काळे करायचे आणि मागे सूर्य उगवायचा. बारा वर्षांत त्याने इतक्या जणांच्या डोक्यामागे सूर्य उगवलाय, की खऱ्या सूर्याकडे बघायची त्याला आता हौस उरलेली नाही.

एके काळी त्याने चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली होती, आणि चांगल्या गुणांनी घेतली होती. पण तो पास होऊन बाहेर पडेपर्यंत शाळांनी चित्रकलेचे शिक्षक नेमणंच सोडलं होतं. असेल त्या मास्तरनेच गणितही शिकवावं आणि फुलंही काढून घ्यावीत, असा कारभार सुरू झाला. सुगत काही महिने मानधनावर शिकवून आला, मग तेही संपलं. मग लग्न झालं, खुशबू घरात आली, आणि अमरभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात माणूस पाहिजे आहे असं कळलं. तात्पुरतं म्हणून तो तिथे बसला. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य फार लांब असतं. ब्रश घरी एका डब्यात होते, ते वाळून काड्या झाले.

या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर कुठून तरी आलेलं एखादं चित्र दाखवतं आणि म्हणतं, हे मागे टाका. अशा चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा बारीक अक्षरात कुणाचं तरी नाव असतं. ते नाव पुसायचं, शेजारचंच थोडं गवत किंवा आभाळ ओढून तिथे भरायचं, आणि त्या जागी दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर टाकायचा. अमरभाऊ याला कोपरा धुणं म्हणत. "सुगत, कोपरा धू आन् लाव मशीनले," एवढं ते म्हणाले की काम झालं. यात कुणाचं काही जातं असं कुणालाच वाटत नसे. तलावावर घागर भरताना कुणी तलाव कुणाचा म्हणून विचारतं का? सुगतचा हात तर या कामात इतका बसला होता की चित्र उघडलं की माउस आपोआप खालच्या कोपऱ्याकडे जायचा.

त्याच्या या आटलेल्या आयुष्यात एकच ओल उरली होती, ती म्हणजे पुतणी रुचिता. थोरला भाऊ धम्मदीप बँकेत शिपाई, त्याची ही मुलगी. एकाच घरात, एकाच अंगणात सगळे राहत. रुचिता भंडाऱ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि लहानपणापासून कागद दिसला की त्यावर काहीतरी काढत बसायची. तिची एक सवय होती. चित्र पुरं झालं की ते आधी काकाला दाखवायचं. आईबापाच्या आधी, मैत्रिणींच्या आधी. सुगत दमून भागून घरी यायचा, चहाचा कप हातात घ्यायचा आणि तिचं चित्र भिंतीला टेकवून बघत राहायचा. सांगायचा फार थोडं. इथे सावली उलटी पडली, हा हात लांब झाला. पण तेवढ्या वेळापुरता तो फ्लेक्सवाला नसायचा. खुशबू म्हणायची, तुम्ही दिवसभरात तेवढंच एकदा हसता.

त्या पावसाळ्यात रुचिताने रोवण्याचं चित्र काढलं. रोवणा म्हणजे धानाची लावणी. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात बाया ओळीने वाकल्यात, आणि मधेच एक म्हातारी सरळ उभी राहिली आहे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात रोपांची पेंडी, तोंड आभाळाकडे. ती रुचिताची आजी, सुगतची आई सत्यभामा. आता म्हातारीची कंबर धरते, पण गावात रोवणा निघाला की तिला घरात बसवत नाही. चार ओळी लावते आणि उभी राहून कंबरेला शिव्या देते. चित्रात ती शिव्याच देते आहे, हे घरातल्या सगळ्यांनी ओळखलं. सुगतने ते चित्र बघितलं आणि त्या दिवशी त्याला एकही चूक सापडली नाही. उजव्या कोपऱ्यात चिखलाच्या रंगातच बारीक लिहिलं होतं, रुचिता.

या चित्राचा फोटो तिने नागपूरच्या एका संस्थेच्या विद्यार्थी प्रदर्शनासाठी पाठवला. त्यातून राज्यभरातली थोडी मुलं निवडायची आणि त्यांना वर्षभर नागपुरात ठेवून मोठ्या चित्रकारांच्या हाताखाली शिकवायचं, राहणं, जेवण, रंग सगळं संस्थेचं, असा तो बेत होता. धम्मदीपच्या पगारात मुलीला बाहेर ठेवून चित्रकला शिकवणं बसत नव्हतं, त्यामुळे रुचिताला जायचं असेल तर हीच एक वाट होती. दिवाळीच्या सुमारास पहिल्या फेरीत नाव आल्याचं कळलं. आता एकच फेरी राहिली होती. सुगतने दुकानात पेढे वाटले. अमरभाऊंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, चित्र आहे तरी कसं, दाखव की. सुगतने मोबाइल काढून दाखवलं.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, आणि रात्री नाटक. मंडईचा फ्लेक्स म्हणजे एक प्रकरणच असतं. वर नाटकाचं नाव, आणि खाली वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचं मुंडकं, नावासकट, मानासकट. कुणाचं मुंडकं कुणापेक्षा लहान झालं तर पुढल्या वर्षी दोन मंडया भरतात. मधुकरराव हे नाकाडोंगरीकडच्या एका गावाच्या मंडई मंडळाचे अध्यक्ष होते. ते फोटोंची पिशवी घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, तेच ते हिरवं डोंगरबिंगर नको, काहीतरी आपल्या भागातलं पाहिजे, शेतातलं. अमरभाऊ खुर्चीतूनच म्हणाले, "सुगत, तुह्या पुतणीचं हाय ना ते. तेच टाक."

सुगत क्षणभर थांबला, असं आपल्याला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो थांबला नाही. उलट त्याला आनंद झाला. रुचिताचं चित्र खांबाखांबावर लागेल, गावंच्या गावं बघतील, पोरीचं नाव होईल, असं त्याच्या मनात आलं. तिला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. घरातल्या घरात कोण विचारतं? मोबाइलमधला फोटो त्याने संगणकावर घेतला, हिरवा रंग चढवला, आभाळ निळंभोर केलं, वाकलेल्या बायांवर पुढाऱ्यांची मुंडकी ओळीने बसवली. मधुकररावांचं मुंडकं सत्यभामाबाईच्या तोंडासमोरच आलं, त्यामुळे ती शिव्या त्यांनाच देते आहे असं दिसत होतं. आणि हे सगळं करता करता, त्याच्या स्वतःच्याही लक्षात न येता, त्याने कोपरा धुतला. तिथे दुकानाचं नाव आलं, नंबर आला, आणि फ्लेक्स मशीनवर गेला.

तो फ्लेक्स लोकांना फारच आवडला. कुणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला. मग तुमसरच्या एका दुकानाने तो उचलला, साकोलीच्या दुसऱ्याने मुंडकी बदलली, कुणी कृषी मेळाव्याला लावला, कुणी भाच्याच्या वाढदिवसाला. चित्र तेच, म्हातारी तीच. रोज नव्या गावाहून अमरभाऊंना फोन येऊ लागले, कारण पहिल्या फ्लेक्सवर नंबर त्यांचा होता.

सुगतने रुचिताला आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं. तिला कॉलेजातून गाडीवर घेतलं आणि चौकात, जिथे ऑटोवाले उभे असतात तिथे, फ्लेक्सखाली नेऊन उभं केलं. रुचिता वर बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. सुगत तिच्या तोंडाकडे बघत होता, आता हसेल, मग हसेल.

"काकाजी, माह्यं नाव कुठं हाय?" तिने विचारलं.

सुगतने वर पाहिलं. त्याला खरंच पहिल्यांदा दिसलं की नाव नाही. तो म्हणाला, जागा नव्हती बाई, एवढी सगळी मुंडकी बसवायची होती. रुचिता गाडीवर बसली. वाटेत पुलावर तिने फक्त एवढंच विचारलं, की आजीला विचारलं होतं का. सुगतने गाडीचा आवाज मोठा आहे असं दाखवलं आणि उत्तर टाळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात दुकानात फोन वाजला. मशीन चालू होती, शाईच्या वासाने डोकं धरलं होतं, आणि समोर तेरवीचं गिऱ्हाईक घाई करत उभं होतं. सुगतने खांद्याने फोन कानाला दाबून धरला. पलीकडून एक बाई शहरी, शांत आवाजात बोलत होत्या. तुमच्या नंबरचा एक फ्लेक्स आम्ही पाहिला, रोवण्याचं चित्र असलेला. ते चित्र तुमच्याच दुकानाचं का? असे फोन रोज येत होते. विचारणाऱ्याला तसलाच फ्लेक्स हवा असतो, आणि उत्तर ठरलेलं असतं. सुगतने ठरलेलं उत्तर दिलं. "हो मॅडम, आपलंच हाये. मीच केलं. तुमाले पायजे तसं बदलून देतो." बाईंनी पुन्हा विचारलं, नक्की तुम्हीच केलंत? सुगत म्हणाला, मीच. बाईंनी आभार मानून फोन ठेवला. गिऱ्हाईक पटलं नसावं असं समजून सुगतने तेरवीच्या माणसाचे केस काळे करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी रुचिताला संस्थेचं उत्तर आलं. पाठवलेलं चित्र एका फ्लेक्स दुकानाचं असल्याचं त्या दुकानानेच सांगितल्यामुळे प्रवेशिका रद्द करण्यात येत आहे. ती ते वाचून ओसरीवर बसली होती. सुगत घरी आला तेव्हा सत्यभामाबाई, कोन होय तो मेला दुकानवाला, म्हणून विचारत होती. धम्मदीपने मोबाइल भावाच्या हातात दिला. सुगतने वाचलं, आणि खांद्याने दाबलेला तो फोन, तो शांत आवाज, सगळं त्याच्या डोक्यात एकदम उभं राहिलं. कुणी त्याला पकडलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं.

"तो दुकानवाला मीच होय," तो म्हणाला.

म्हातारीने तोंड फिरवलं. रुचिताने मान वर केली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, ते सुगतला जास्त लागलं. "काकाजी, माह्यं नाव पुसून राहिले होते, तवा तुमचा हात थांबला नाही का?"

सुगतने आठवून पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, पण ज्या पोरीशी चित्राबद्दल तो कधी खोटं बोलला नव्हता तिच्याशी आता बोलून काय मिळणार होतं? "नाही थांबला," तो म्हणाला. "मले दिसलंच नाही."

सकाळी तो दुकानात न जाता मूळ चित्र घेऊन एसटीने नागपूरला गेला. फ्लेक्सच्याच एका कोऱ्या तुकड्यात त्याने ते गुंडाळलं होतं, कारण घरात दुसरं काही पाण्यापासून वाचवणारं नव्हतं. फोनवर बोललेल्या संस्थेच्या त्या बाई भेटल्या. वाईट नव्हत्या. त्यांनी चित्र उलगडून उजेडात धरलं, रंगाचे थर पाहिले, कोपऱ्यातलं नाव पाहिलं, आणि हे मुलीनेच काढलंय हे त्यांना लगेच पटलं. सध्या पोरं संगणकाला सांगून चित्रं काढून घेतात, म्हणून आम्हाला प्रत्येक चित्र इंटरनेटवर शोधून बघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. पण आधी कुठे छापलेलं चित्र घ्यायचं नाही हा नियम होता, आणि हे चित्र तर अर्ध्या जिल्ह्यात छापून झालं होतं. शिवाय अंतिम यादी लागली होती. चित्र काढणाऱ्याचाच त्यावर हक्क असतो, तिला विचारल्याशिवाय कुणाला ते वापरता येत नाही, तुम्ही स्वतः चित्रकला शिकलेले, तुम्हाला हे माहीत नव्हतं? त्यांनी हे टोचून विचारलं नाही, खरंच विचारलं. सुगतला माहीत होतं. पदविकेच्या वेळी ते शिकवलं होतं, परीक्षेत त्याने ते लिहिलंही होतं. पण परीक्षेतलं परीक्षेत आणि दुकानातलं दुकानात, अशी वाटणी बारा वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला, आणि कुठल्याशा मेळाव्याच्या फ्लेक्सवरून त्याची आई कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत मागे गेली.

त्याने मग एकदा बंड करून पाहिलं. पुढच्याच कामात कुणा अनोळखी पोराने काढलेलं नदीचं चित्र होतं, त्याच्या कोपऱ्यातलं नाव त्याने राहू दिलं. गिऱ्हाइकाने ते बरोबर हेरलं. "हा कोन होय? यानं वर्गणी देल्ली का?" सुगत म्हणाला, चित्र याने काढलंय. गिऱ्हाईक म्हणालं, मग काय झालं, मांडव बांधणाऱ्याचं नाव टाकतो का आपण? अमरभाऊ हसले. मग हसू आवरून म्हणाले, सुगत, उगीच डोक्यात राख घालून घेऊ नको, धू तो कोपरा. सुगतने धुतला. घरी मुलं होती, दोन वेळची चूल होती. शूर माणसांच्या गोष्टी वेगळ्या असतात, आणि त्या लिहायला वेगळे लोक असतात. एवढं मात्र झालं की, उन्हाळ्यात अमरभाऊंनी पुतणीचं आणखी काही आहे का म्हणून विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला. ते त्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे खरंच काही नव्हतं.

कारण रुचिताने त्याला चित्र दाखवणं सोडलं होतं. भांडली नाही, अबोला धरला नाही. चहा आणून द्यायची, काकाजी म्हणायची, गाडीवर मागे बसून कॉलेजातही यायची. पण तो अंगणात आला की मांडीवरचा कागद सहज उलटा व्हायचा. सुगत संध्याकाळी यायचा, चहाचा कप हातात घ्यायचा आणि कोऱ्या भिंतीकडे बघत प्यायचा. त्याला वाटायचं, एकदा तिने ओरडावं, म्हणजे बरं. खुशबूने मध्ये पडून पाहिलं, पण ज्यात भांडणच नाही त्यात मध्यस्थी तरी कशाची करणार?

असं वर्ष गेलं. पुन्हा रोवणे झाले, पुन्हा सत्यभामाबाईने कंबरेला शिव्या दिल्या, आणि धान पोटरीत आलं. एका रविवारी सुगत अंगणात गाडी पुसत होता, तेव्हा म्हातारीने आतून हाक मारली. "सुगत, इकडे ये. पाह्य, पोट्टीनं आता तरी मले चित्रात बसवलं का."

ओसरीवर चित्र वाळत ठेवलं होतं. रुचिता शेजारीच ब्रश धूत होती. तिने चित्र झाकलं नाही, पण ये म्हणालीही नाही. सुगत लांबूनच उभा राहिला. चित्रात म्हातारी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसली होती, पाय चिखलात, लुगड्याचा ओचा वर खोचलेला, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकलेले. एवढंच. पण ते हात असे थकलेले होते की बघणाऱ्याचे खांदे आपोआप खाली येत. मागच्या वर्षीची पोरगी यात नव्हती. आणि बारा वर्षांची सवय, त्याची नजर खाली उजव्या कोपऱ्याकडे गेली. तिथे नुसता चिखल होता. डाव्या कोपऱ्यात पाहिलं, तिथेही नाव नव्हतं.

तो खाली बसला. नाव टाकायचं राहिलं वाटतं, असं म्हणणार तोच त्याला ते दिसलं. म्हातारीच्या उताण्या तळहातांवर भेगा होत्या, चिखल सुकून पडलेल्या, आणि त्या भेगा एका हातावरून दुसऱ्या हातावर, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जोडून वाचल्या की त्यांचं रुचिता हे नाव होत होतं. सहज बघणाऱ्याला भेगाच दिसतील. सुगतने मनातल्या मनात माउस धरला. इथून ओढू, तिथलं भरू. पण तिथलं कुठलं? शेजारी त्या हातासारखं काहीच नव्हतं. नाव काढायचं तर भेगा जाणार, आणि भेगा गेल्या तर तो रोवणा केलेल्या बाईचा हातच राहणार नाही, फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याचा गुळगुळीत हात होणार. त्याने चारही बाजूंनी फिरून पाहिलं. वाट नव्हती.

रुचिताने ब्रश झटकला. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी चित्राबद्दल बोलत होती.

"धुता येते का, काकाजी?"

सुगतला फार बरं वाटलं होतं, आणि त्याच वेळी कुणीतरी दार लावून घेतल्यासारखंही वाटलं होतं. ती कुणाला भिऊन हे शिकली, ते त्याला विचारायची गरज नव्हती.

"नाही येत," तो म्हणाला. "मले तरी नाही येत."

तिने मान हलवली, जशी पूर्वी त्याने सावली बरोबर आहे म्हटल्यावर हलवायची. मग चित्र दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हातारी म्हणाली, बसवलं एकदाचं बाई. सुगत अंगणात गेला आणि गाडी पुसू लागला.